शार्कचा कापलेला पंख परत येतो, मग भाजलेल्या माणसाची कातडी का येत नाही?

२०२२ चा उन्हाळा. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ मायामी विद्यापीठाच्या संशोधकांनी काही सिल्की शार्कच्या पाठीवरच्या पंखांना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावले. शार्क कुठून कुठे जातात, हे त्यांना बघायचं होतं. काही आठवड्यांनी पाण्याखाली फोटो काढणाऱ्या एका माणसाला त्यातला एक शार्क दिसला, पण टॅग गायब होता. कुणीतरी तो पंखासकट कापून नेला होता. पंखाचा साधारण पाचवा भाग गेलेला, आणि टॅगच्या आकाराची भली मोठी खाच.

३३२ दिवसांनी तोच शार्क परत दिसला. पंख मूळ आकाराच्या जवळपास ८७ टक्के भरून आला होता. फोटोंवरून हिशेब मांडला तेव्हा उघडी जखम सुमारे ४२ दिवसांत बंद झाली असावी, असं निघालं. चेल्सी ब्लॅक या संशोधिकेचा त्यावरचा शोधनिबंध २०२३ च्या शेवटी आला आणि ते फोटो जगभर गाजले.

असे फोटो फिरायला लागले की खाली एक प्रश्न हमखास येतो. शार्कला जमतं ते माणसाला का जमत नाही? आणि जमवता येईल का? प्रश्न भाबडा वाटला तरी तो भाबडा नाही. मुंबई-पुणे रस्त्यावर आणि खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत ज्यांची कातडी जळते, त्यांच्यासाठी तो जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

आधी मोरीची कातडी हातात घेऊन बघा

कर्जत-खालापूर म्हणजे रायगडचा समुद्र नसलेला भाग. इथून उल्हास आणि पाताळगंगा वाहतात, पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, पण शार्क काही येत नाही. तरी इथल्या लोकांनी शार्क पाहिलेला असतो, खाल्लेलाही असतो. पावसाळ्याच्या बेगमीसाठी आठवडे बाजारात बोंबील, जवळा, वाकट्यांच्या शेजारी खारवलेली मोरी असते ना, ती मोरी म्हणजे लहान जातीचा शार्क. किनाऱ्याकडे हिलाच मुशीही म्हणतात.

ताजी मोरी ज्यांनी साफ केलीय त्यांना तिची कातडी चांगली ठाऊक आहे. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. म्हणून तर तिच्यावर गरम पाणी ओतून वरची वाळू खरवडून काढतात. ती 'वाळू' म्हणजे खवले, पण पापलेटच्या किंवा रोहूच्या खवल्यांसारखे नाहीत. शार्कचा प्रत्येक खवला हा एक बारीक दात असतो. आत दाताचा मगज, त्यावर दाताचंच कठीण द्रव्य आणि सगळ्यात वर चकचकीत टणक आवरण. लाखो दात अंगभर, सगळ्यांची टोकं शेपटीकडे वळलेली. पूर्वी सुतार लाकूड घासायला ही कातडी वापरायचे.

शार्कच्या भरून येण्याचा एक धागा इथेच सापडतो. या खवल्याचा आकार शार्कच्या वयाबरोबर वाढत नाही. तो झिजतो, पडतो आणि त्या जागी नवा येतो. तोंडातल्या दातांचंही तसंच, मागची रांग पुढे सरकत राहते. म्हणजे शार्कची कातडी जखम नसतानाही आयुष्यभर नवे दात घडवत असते. जखम झाली की हाच कारखाना त्या जागी कामाला लागतो. माणसाच्या कातडीत केसाचं मूळ आणि घामाची ग्रंथी आईच्या पोटात असतानाच बनतात आणि नंतर ते दुकान जवळजवळ बंद होतं. फरक इथून सुरू होतो.

शार्कला एवढी तयारी लागते कशाला? शिकार करताना भक्ष्य झटापट करतं, दुसरे शार्क चावतात, हे आहेच. पण मोठं कारण समागमाचं आहे. नर मादीला दातांनी धरून ठेवतो, तिच्या पाठीवर, पंखांवर खोल चावे पडतात. ब्लू शार्क या जातीत तर मादीची कातडी नराच्या दुपटीहून जाड असते. दर वर्षी अंगावर जखमा घेऊन खाऱ्या पाण्यात राहायचं, तेही मलमपट्टीशिवाय. ज्यांची जखम चिघळली त्या माद्यांची पिल्लं जन्मलीच नाहीत.

जखम भरते म्हणजे नक्की काय होतं?

शार्कला जखम झाली की कडेच्या वरच्या थरातल्या पेशी घाईने सरकत येतात आणि उघड्या मांसावर पातळ पडदा धरतात. वर खपली धरत नाही, पाण्यात ती टिकणारही नाही. खपलीच्या जागी असतो चिकट बुळबुळीत थर. पडद्याखाली नवं मांस भरत जातं, रंगद्रव्याच्या पेशी परततात आणि शेवटी नवे दातासारखे खवले उगवतात. वोल्फ-अर्न्स्ट राइफ या जर्मन अभ्यासकाने १९७८ मध्येच दाखवून दिलं होतं की दुरुस्तीच्या जागचे खवले मूळच्यासारखे हुबेहूब नसतात. त्यांची ठेवण थोडी विस्कटलेली असते. म्हणजे 'शार्कला व्रणच राहत नाही' हे रीलमधलं वाक्य खरं नाही. व्रण राहतात, संशोधक त्यांवरून शार्क ओळखतातसुद्धा. पण त्या व्रणावर खरी, काम करणारी कातडी असते.

२०२१ मध्ये हिंदी महासागरातल्या व्हेल शार्कचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्रेया वूमर्सली आणि सहकाऱ्यांनी एकाच शार्कचे वेगवेगळ्या दिवशी काढलेले फोटो शेजारी ठेवून जखमा मोजल्या. त्यातल्या काही जखमा ३५ व्या दिवसापर्यंत ९० टक्के भरल्या होत्या. पाठीवरचा अर्धवट तुटलेला पंख पुन्हा वाढल्याची नोंदही त्यात आहे. विशेष म्हणजे व्हेल शार्कच्या अंगावरचे पांढरे ठिपके, जे आपल्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे असतात, तेही जखमेच्या जागी परतताना दिसले. यातल्या बऱ्याच जखमा बोटींनी केलेल्या होत्या.

जनुकांकडूनही थोडा उलगडा झालाय. ग्रेट व्हाइट शार्कचा संपूर्ण जनुकसंच २०१९ मध्ये वाचला गेला. तो माणसाच्या सुमारे दीडपट मोठा, ४६३ कोटी अक्षरांचा निघाला. रक्त गोठवणं, नव्या रक्तवाहिन्या फुटणं यांसारख्या जखम भरण्याच्या कामातल्या अनेक जनुकांवर उत्क्रांतीने मेहनत घेतल्याच्या खुणा त्यात सापडल्या. २०२४ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी स्पायनी डॉगफिश या छोट्या शार्कचा चिकट थर तपासला. तो इतर माशांच्या बुळबुळीपेक्षा वेगळा आहे, कमी आम्लधर्मी आहे आणि काही बाबतीत सस्तन प्राण्यांच्या श्लेष्म्याजवळ जातो, असं त्यांना दिसलं. त्यातून जखमेचं औषध मिळेल का, हा त्यांचा पुढचा शोध आहे. औषध अजून बनलेलं नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्या ताकदीच्या पलीकडची आहे, ती म्हणजे जाळं. १९७० पासून खुल्या समुद्रातले शार्क आणि पाकट ७१ टक्क्यांनी घटले, असं २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासाने सांगितलं, आणि कारण बेसुमार मासेमारी. कापलेला पंख भरून येतो, पण बोटीवर चढवलेला शार्क परत येत नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून व्हेल शार्कसारखा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळ्याच्या दोऱ्यांनी कापलेलं जनावर जिवंत सोडण्यात अर्थ आहे, कारण बाकीचं काम त्याची कातडी करते. सरकारी योजनेमागे इतकं चोख जीवशास्त्र क्वचितच असतं.

आणि माणसाची कातडी?

माणसाचं शरीर जखमेकडे वेगळ्या नजरेने बघतं. जंतू आत शिरायच्या आधी दार बंद करा, घर नंतर नीट करू. रक्त गोठतं, पांढऱ्या पेशी धावून येतात, मग कोलॅजेनचे धागे भराभर विणले जातात. निरोगी कातडीत हे धागे टोपलीच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, व्रणात ते एकाच दिशेने, गठ्ठ्याने पडतात. काम झटपट होतं, पण कच्चं. व्रणाची ताकद मूळ कातडीच्या ८० टक्क्यांच्या वर सहसा जात नाही. त्यात केस येत नाहीत, घाम येत नाही. वर तो आकसतो. कोपराच्या किंवा मानेच्या जागी आकसला तर हात सरळ होत नाही, मान वळत नाही.

गंमत अशी की आईच्या पोटात साधारण सहाव्या महिन्यापर्यंत बाळाच्या कातडीला झालेली जखम व्रणाशिवाय भरते. म्हणजे कृती शरीराला माहीत असते, पुढे ती बंद होते. भिंतीवरची पाल शेपूट टाकते तेव्हा तिथली जखमही व्रण न ठेवता भरते आणि नवी शेपूट फुटते, जरी तिच्यात हाडाऐवजी कूर्चा असली तरी. सस्तन प्राण्यांना हे जमतच नाही असंही नाही. आफ्रिकेतल्या काटेरी उंदराच्या पाठीची कातडी शत्रूच्या तोंडात सहज सुटून येते आणि ती केसांच्या मुळांसकट परत उगवते, हे २०१२ मध्ये सिद्ध झालं. शास्त्रज्ञांची आशा टिकून आहे ती अशा उदाहरणांवर.

विळ्याने कापलेल्या बोटाला याने फारसा फरक पडत नाही. टाके घातले, व्रण राहिला, माणूस कामाला लागला. खरा प्रश्न भाजण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दर वर्षी १० लाखांहून जास्त लोक मध्यम किंवा गंभीर भाजतात. भाजणं वरवरचं असेल, फोड आले असतील, तर खाली केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी शाबूत असतात. त्यांच्यातूनच नव्या पेशी वर येतात आणि कातडी परत धरते. कातडी पूर्ण जाडीची जळाली, तर मुळंच गेली. मग ती फक्त कडेने भरू शकते, आणि पाठीएवढी जखम कडेने भरायची वाट बघेपर्यंत जंतुसंसर्ग माणसाला घेऊन जातो.

खालापूर तालुक्याच्या नकाशावर बोट ठेवलं तर ही भीती कुठून येते ते कळतं. मधून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो, जुना रस्ता जातो, घाट उतरून खोपोली. खोपोली, पाताळगंगा, रसायनी या पट्ट्यात रसायनांचे आणि धातूंचे कारखाने आहेत. १३ जून २०२३ ला घाटात, लोणावळ्याजवळ कुणे पुलावर ज्वलनशील द्रव नेणारा टँकर उलटून पेटला. पेटता द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडला आणि खालून जाणारे लोकही होरपळले. चौघांचा जीव गेला. कर्जतच्या वाड्यांवर चूल, रॉकेलचा दिवा आणि गॅसचा भडका यांनी भाजणाऱ्यांची बातमी तर होतच नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती दर वेळी चुकते. भाजल्यावर टूथपेस्ट, निळी शाई, हळद, तूप, बर्फ यातलं काहीही नको. नळाचं साधं वाहतं पाणी, २० मिनिटं. कातडी किती खोल जळणार हे त्या २० मिनिटांत बऱ्याच अंशी ठरतं.

शार्क ऑपरेशन थिएटरमध्ये पोहोचलाय, पण वेगळ्या वाटेने

खोल भाजलेल्या पेशंटचा मूळ उपचार म्हणजे त्याच्याच मांडीची कातडीची पातळ पापुद्र्याएवढी साल काढायची, जाळीसारखी ताणायची आणि जखमेवर लावायची. मांडीवर खालचा थर शिल्लक असतो, म्हणून ती जागा पुन्हा भरते. पण अर्ध्याहून जास्त अंग जळालं असेल तर साल काढायची कुठून?

या अडचणीवर अमेरिकेत बॉस्टनला सर्जन जॉन बर्क आणि एमआयटीतले प्राध्यापक आयोनिस यानास यांनी १९७० च्या दशकात काम सुरू केलं. त्यांनी कातडीचा आतला थर उभा राहावा म्हणून एक स्पंजासारखा सांगाडा बनवला, वर सिलिकॉनचा पडदा. पेशंटच्या पेशी त्या सांगाड्यात शिरतात, दोन-तीन आठवड्यांत नवा आतला थर तयार होतो, मग सिलिकॉन काढून वर अगदी पातळ साल लावायची. 'इंटिग्रा' या नावाने १९९६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि आज तो जगभर वापरला जातो. तो सांगाडा बनतो गाईच्या स्नायुबंधातल्या कोलॅजेनपासून आणि शार्कच्या कूर्चेतून काढलेल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेटपासून.

म्हणजे शार्क माणसाच्या जखमेत खरंच जाऊन बसलाय. पण त्याची भरून येण्याची ताकद त्यात नाही. कूर्चेतलं ते द्रव्य सांगाड्याची छिद्रं हवी तशी ठेवतं आणि तो हळूहळू विरघळेल याची काळजी घेतं, इतकंच. विटांच्या भिंतीत चुना असतो तसं. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण याच फटीतून फसवणूक आत येते. १९९२ मध्ये 'शार्कला कॅन्सर होत नाही' अशा नावाचं पुस्तक अमेरिकेत खपलं आणि शार्कच्या कूर्चेच्या गोळ्यांचा धंदा उभा राहिला. शार्कला कॅन्सर होतो. त्या कूर्चेच्या अर्काची फुप्फुसाच्या कॅन्सरवर रीतसर चाचणी झाली, उपयोग शून्य. आता 'शार्क रिजनरेशन' असं लिहिलेलं क्रीम ऑनलाइन दिसलं तर त्यात शार्कचं तेल असेलही, पण पंख परत उगवणारं काही नसणार, कारण ते अजून कुणीच वेगळं काढलेलं नाही.

माशांच्या कातडीचा थेट उपयोग मात्र होतोय. ब्राझीलमध्ये फोर्तालेझाच्या डॉक्टरांनी तिलापिया माशाची निर्जंतुक केलेली कातडी भाजलेल्या जागी पट्टीसारखी लावली. आइसलँडच्या केरेसिस कंपनीची कॉड माशाची कातडी अनेक देशांत वापरली जाते आणि २०२३ मध्ये डेन्मार्कच्या कोलोप्लास्टने ही कंपनी सुमारे १३० कोटी डॉलरपर्यंतच्या किमतीला घ्यायचं ठरवलं. इंटिग्रा काय, हे काय, सरकारी वॉर्डातल्या पेशंटच्या खिशाला यातलं सहज परवडणारं काही नाही.

आज हाताशी आहे ती माणसाचीच कातडी

त्यामुळे घाटाखाली कुणी ५० टक्के भाजलं तर आज त्याच्यासाठी सगळ्यात चांगलं आणि स्वस्त आवरण असतं मेलेल्या माणसाने दिलेली कातडी. देशातली पहिली त्वचापेढी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० मध्ये सुरू झाली. नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, तिथेही त्वचापेढी आहे.

ही कातडी कायमची बसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी शरीर तिला परकी म्हणून टाकून देतं. पण त्या दोन-तीन आठवड्यांत अंगातलं पाणी आणि प्रथिनं झिरपायची थांबतात, जंतू बाहेर राहतात, वेदना कमी होते आणि पेशंटच्या मांडीची साल पुन्हा काढता येईल इतकी भरते. शार्कच्या जखमेवर पहिल्या काही दिवसांत पेशींचा जो पातळ पडदा येतो, तेच काम इथे दुसऱ्या माणसाची कातडी करते.

नेत्रदान आता खेडोपाडी माहीत आहे, त्वचादानाचं नाव काढलं की मात्र लोक दचकतात. अंग सोलणार, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात मांड्या, पाय आणि पाठ इथूनच वरचा अगदी पातळ थर काढतात. रक्त वाहत नाही, चेहऱ्याला, हातांना हात लागत नाही, साधारण अर्धा-पाऊण तास लागतो आणि पट्ट्या बांधून देह परत देतात. दाता १८ वर्षांवरचा असावा. मधुमेह, रक्तदाब असला तरी चालतं. एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ, त्वचेचा कर्करोग किंवा संसर्ग असेल तर घेत नाहीत. रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवलेली ही कातडी पाच वर्षांपर्यंत वापरता येते, त्यामुळे आज दिलेली कातडी तीन वर्षांनी होणाऱ्या अपघातात कुणाला तरी लागू शकते.

अट वेळेची आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ती काढावी लागते. जिवंतपणी फॉर्म भरलेला असला तरी घरच्यांची संमती त्या वेळी लागतेच. कर्जत-खालापूरकडच्या गावात रात्री कुणी गेलं तर पाहुणे येईपर्यंत थांबतात, सकाळी अंत्यविधी होतो, म्हणजे हातात वेळ असतो. पण त्वचापेढीची टीम गावात पोहोचायचा वेळही याच सहा तासांत धरलेला असतो, म्हणून डॉक्टरने मृत्यूचा दाखला दिला की पहिल्या तासातच फोन करावा लागतो.